इंजिन लीन चाललंय की रिच, नक्की कसं ओळखायचं?

प्रश्न
नमस्कार मंडळी, पेट्रोल गाडी आहे, चेक इंजिन लाइट लागलाय आणि स्कॅनरवर पी०१७१ म्हणजे सिस्टम टू लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी; रिच म्हणजे याच्या उलटं) येतंय. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) गाडी थरथरते, आता बंद पडते की काय असं वाटतं, पण एकदा स्पीड घेतला की मस्त पळते. मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदला. पण प्लग काढले तर पांढरे नाहीत, तपकिरीच आहेत, मग लीन कसं? आधी काय बघू?

उत्तर १
सेन्सरला हात लावू नका अजून. तो बिचारा फक्त एक्झॉस्टमधे ऑक्सिजन किती उरलाय ते सांगतो, साध्या नॅरोबँड सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मधे खालीवर पळत असेल तर तो जिवंत आहे (०.४५ च्या खाली लीन, वर रिच). आणि प्लग नॉर्मल दिसणारच हो, कारण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडून मिक्श्चर १४.७ ला १ (वजनाने हवा १४.७, पेट्रोल १) च्या आसपास ओढून आणतोय. किती ओढतोय ते फ्युएल ट्रिममधे (ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं तो आकडा) दिसतं. इंजिन गरम करून लाँग टर्म (हळूहळू शिकून ठेवलेला) आणि शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) दोन्ही बघा, आधी आयडलला, मग २५०० आरपीएमला, आणि आकडे इथे टाका.

प्रश्नकर्ता
बघितलं. लाँग टर्म आयडलला +२१, २५०० ला +५. शॉर्ट टर्म दोन्हीकडे शून्याच्या आसपासच.

उत्तर १
मग मला तरी व्हॅक्यूम लीकच वाटतंय. आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमधे (त्यानंतर सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) व्हॅक्यूम जोरात आणि एकूण हवा कमी, त्यामुळे चिरेतून घुसलेली थोडी हवासुद्धा मोठा फरक पाडते. आरपीएम वाढला की तीच गळती एकूण हवेत किरकोळ होऊन जाते. पीसीव्हीचा (इंजिनातल्या वाफा परत इनटेकमधे नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा होज, इनटेक गॅस्केट नीट बघा, पाइप खालच्या बाजूला चिरतात तिथे बोट फिरवा. स्मोक टेस्ट (इनटेकमधे धूर सोडून गळती शोधणं) मिळाली तर सगळ्यात उत्तम. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारत बसू नका प्लीज, आग लागते.

उत्तर २
वरच्यांशी सहमत. उलटं असतं, म्हणजे आयडलला ठीक आणि लोड आला की ट्रिम वाढतोय, तर फ्युएल पंप, फिल्टर नाहीतर घाण झालेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) बघायला सांगितलं असतं. अजून एक, सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल किंवा मिसफायर (सिलिंडरमधलं मिक्श्चर नीट न पेटणं) होत असेल तरीपण लीनच दिसतं, कारण न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो, तेव्हा मिसफायर काउंटपण बघून घ्या.

प्रश्नकर्ता
मिसफायर शून्य आहे. पाइप बघतो आता. आणि रिच असतं तर काय दिसलं असतं?

उत्तर २
ट्रिम मायनसमधे, -१० च्या खाली गेला की शंका घ्यायची. प्लगवर कोरडी काजळी, काळा धूर, ॲव्हरेज पडलेलं, ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास. गळका इंजेक्टर, फाटलेला प्रेशर रेग्युलेटर, किंवा इंजिन गरम असूनही थंड सांगणारा कूलंट सेन्सर, बहुतेक यातलंच काहीतरी निघतं. तशी गाडी चालवत राहू नये, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो.