मदत हवी आहे: पालिका रुग्णालयातल्या पीपीपी (सरकारी-खासगी भागीदारी) सीटी स्कॅनचा करारनामा
मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात जागा पालिकेची, मशीन आणि तंत्रज्ञ खासगी कंपनीचे. करारनामा माहिती अधिकारात मागितला, तर कलम ८(१)(घ), म्हणजे व्यापारी गोपनीयता दाखवून बोळवण झाली. दर तर खिडकीवरच लावलेत, मग गोपनीय काय? पहिल्या अपिलाला ३० दिवसांची मुदत आहे.

कलम ८(२)मधलं जनहित, म्हणजे गोपनीयतेपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, आणि कलम १०, म्हणजे गोपनीय भाग झाकून बाकीची पानं द्या, हे दोन्ही मुद्दे एकत्र मांडावेत का? कलम ११ची नोटीस (त्रयस्थाचं म्हणणं मागवणारी) कंपनीला दिली होती का, हेही विचारावं?

खरं हवंय ते एवढंच: किमान तपासण्यांची हमी (रुग्ण कमी आले तरी पालिका पैसे भरते का), मशीन बंद पडल्यास दिवसाचा दंड, आणि त्या दिवशी बाहेर पाठवलेल्या पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांच्या बिलातला फरक कोण सोसतो. निविदेसोबतचा कराराचा मसुदा कुणी जपून ठेवलाय का?