न्यूयॉर्कचा उन्हाळा, बागेतले कार्यक्रम आणि सोबत आईबाबा – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईबाबा जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला येताहेत, ऑगस्टअखेरपर्यंत राहतील. मागच्या खेपेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, एम्पायर स्टेट, टाइम्स स्क्वेअर सगळं दाखवून झालं. परत जाताना बाबा म्हणाले, "शहर बघितलं, पण इथली माणसं संध्याकाळी करतात काय, ते काही कळलं नाही." ते मला फार लागलं. म्हणून यंदा इथले लोक उन्हाळ्यात बागांमध्ये आणि नदीकाठी जाऊन बसतात, तिथे त्या दोघांना नेऊन बसवायचंय.

आता अडचणी. दोघंही सत्तरीच्या पुढचे. आईचे गुडघे गेलेत, तिला जमिनीवर बसता येत नाही आणि जिने नकोसे वाटतात. बाबांना मधुमेह आहे, आठच्या ठोक्याला जेवण लागतं. आणि इथे जूनअखेर सूर्यच साडेआठला मावळतो, त्यामुळे उघड्यावरचा सिनेमा सुरू होईपर्यंत त्यांची झोपायची वेळ होते.

बाबांनी नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं हौशी नाटकं केली, त्यामुळे सेंट्रल पार्कातलं 'शेक्सपिअर इन द पार्क' दाखवायची माझी फार इच्छा आहे. आई गाणं शिकलेली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे बागेतले फुकट कार्यक्रम असतात, ते तिला ऐकवायचेत. एवढा मोठा वाद्यवृंद तिने समोर बसून कधीच ऐकलेला नाही. ब्रायंट पार्कातले सोमवारचे सिनेमेही यादीत आहेत.

मुख्य प्रश्न असा: खुर्ची कुठे चालते, कुठे नाही? नाटकाच्या तिकिटासाठी पहाटेपासून रांगेत न बसता काही मार्ग आहे का? आणि आम्हा दोघांना सुट्टी नसेल त्या दिवशी आईबाबा आपले आपण जाऊ शकतील असं काही आहे का? नुसत्या यादीपेक्षा अनुभव कळला तर बरं.

प्रतिसाद

फिलहार्मोनिकसाठी सेंट्रल पार्कच्या ग्रेट लॉनचा हट्ट धरू नका. नाव मोठं, गर्दीही तशीच. चांगली जागा हवी तर तासन् तास आधी जाऊन चादर अंथरावी लागते, आणि सगळं संपल्यावर हजारो माणसं एकाच वेळी बाहेर पडतात. हाच वाद्यवृंद त्याच सुमारास शहरातल्या इतर बागांतही वाजवतो. ही प्रथा १९६५ पासूनची आहे. तुम्ही क्वीन्सलाच आहात तर कनिंगहॅम पार्क बघा. तिथे आसपासची कुटुंबंच्या कुटुंबं घडीच्या खुर्च्या, डबे, नातवंडं घेऊन येतात. बाबांना जे बघायचंय ते तिथे दिसेल. शेजारच्या चादरीवरची आजी तुमच्या आईला हमखास काहीतरी खायला देईल, तुम्हीही चार जास्तीच्या पोळ्या ठेवा.

जायचं सोपं आहे. रूझवेल्ट अॅव्हेन्यूहून ई किंवा एफ गाडीने क्यू गार्डन्स–युनियन टर्नपाइक, तिथून क्यू ४६ बस. दोन्ही स्टेशनांवर लिफ्ट आहे. निघण्याआधी एमटीएच्या (इथल्या रेल्वे-बस चालवणाऱ्या संस्थेच्या) अॅपवर लिफ्ट चालू आहे ना ते बघाच. इथल्या लिफ्टचा भरवसा नसतो. बसचालकाला सांगितलं तर तो उतार खाली सोडतो, संकोच करू नका.

आणि जेवणाचं म्हणाल तर कार्यक्रम आठच्या सुमारास असतो, लोक त्याआधीच जेवायला बसतात. बाबांचा डबा साडेसातला उघडला की प्रश्नच मिटला.

प्रतिसाद

नाटकाबद्दल लिहिते, कारण त्यावर माझा जीव आहे.

'शेक्सपिअर इन द पार्क' जिथे होतं ते डेलाकोर्ट थिएटर १९६२ साली उघडलं. हा उपक्रम सुरू करणारे जोसेफ पॅप यांचा आग्रहच होता की शेक्सपिअर सगळ्यांना फुकट बघता आला पाहिजे. मोठ्या डागडुजीसाठी थिएटर बंद होतं, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालं. सुमारे १८०० जागा आहेत, सगळ्या व्यवस्थित खुर्च्या. तेव्हा आईंच्या गुडघ्यांना हा कार्यक्रम बागेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा सोयीचा आहे.

रांगेचं असं की बाग सकाळी सहाला उघडते, तेव्हापासून लोक बसतात आणि तिकिटं दुपारी बाराला वाटतात. एका माणसाला दोन तिकिटं मिळतात. म्हणजे तुम्ही एकटे रांगेत बसलात तरी आईबाबांपैकी एकालाच नेता येईल. तिघांना जायचं तर घरातली दोन माणसं रांगेत हवीत. दुसरा मार्ग टुडेटिक्स अॅपवरच्या लॉटरीचा. तीही फुकट असते आणि ज्या दिवशीचा प्रयोग त्याच दिवशी भरायची. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या नावाने रोज भरा. हंगाम लांब असतो, चिकाटीने भरलं तर लागण्याची आशा असते. तिसरा मार्ग, काही दिवशी मॅनहॅटनबाहेर वेगवेगळ्या ठिकाणीही तिकिटं वाटतात. हे प्रयोग करणाऱ्या पब्लिक थिएटर संस्थेच्या संकेतस्थळावर वेळापत्रक येतं, त्यात क्वीन्स कधी आहे ते टिपून ठेवा.

एक मात्र नक्की करा. नाटकाचं कथानक आधी बाबांना मराठीत सांगून ठेवा, किंवा भाषांतर वाचायला द्या. जुनी इंग्रजी कानाला जड जाते, पण गोष्ट माहीत असली की रंगमंचावरचा माणूस काय करतोय ते नाटकवाल्याला बरोबर कळतं. रंगमंचाच्या मागे तळं आणि बेल्व्हेडेर कॅसल आहे. प्रयोग सुरू होतो तेव्हा आकाशात उजेड असतो, पुढे हळूहळू दिव्यांचा ताबा येतो. नाटकं केलेल्या माणसाला हे बघताना काय वाटेल, ते मला लिहून कळवा.

प्रतिसाद

ब्रायंट पार्कात हिरवळीवर स्वतःची खुर्ची चालत नाही, प्लॅस्टिकची शीटही नाही. पण हिरवळीच्या कडेने बागेच्याच हिरव्या खुर्च्या असतात, उचलून हव्या तिथे ठेवता येतात. पाचला हिरवळ उघडली की तरुण मंडळी चादरी घेऊन धावतात, तेव्हा तुम्ही कडेची खुर्ची धरा. पडदा थोडा तिरका दिसेल, एवढंच. तिथलं स्वच्छतागृह शहरात नावाजलेलं आहे, आत ताजी फुलं ठेवलेली असतात. पूर्ण सिनेमा बघायलाच हवा असं नाही, तासभर बसून उठा.

प्रतिसाद

मी तुझ्या आईच्याच वयाची, दर उन्हाळ्यात लेकीकडे येते, म्हणून अरेतुरे करते.

बाळा, कार्यक्रम ठरवतोस ते छानच, पण आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघ. आम्ही बायका जागा ठाऊक नसली की दुपारपासून पाणीच पीत नाही, आणि इथल्या दमट उन्हात त्याचा त्रास होतो. मग घरी आल्यावर डोकं दुखतं आणि मुलांना वाटतं आईला आवडलं नाही. हे तुझी आई तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आणि एकट्यांनी जायचं विचारलंस, तर लाँग आयलंड सिटीचा गॅन्ट्री प्लाझा. नदीकाठी बसायला भरपूर जागा, समोर अख्खं मॅनहॅटन. संध्याकाळी सगळ्या देशांची माणसं फिरायला येतात. काहीही ठरवावं लागत नाही, कंटाळा आला की उठायचं. आम्ही दोघं तिथे रोज बसून गप्पा मारायचो. जुलैत मॅनहॅटनहेंजच्या संध्याकाळी, म्हणजे साधारण ११–१२ तारखेला, सूर्य रस्त्यांच्या बरोबर रेषेत मावळतो, तेव्हा मात्र पोरं कॅमेरे घेऊन गर्दी करतात. ते एकदा तुझ्यासोबत बघू दे त्यांना.

धागाकर्ता

मनापासून आभार! काकू, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता प्रत्येक ठिकाणाची ती माहिती आधी काढून आईच्या फोनवर पाठवतो.

कनिंगहॅम पार्क पक्कं. लॉटरी आम्ही नवराबायको दोघंही भरू. अजून दोन शंका: उकाडा फार असेल त्या दिवशी काय करता? आणि बाबा पहाटे पाचला उठून फिरायला जातात, त्यांच्या वेळेचं काही आहे का?

प्रतिसाद

बाबांसाठी समर स्ट्रीट्स! ऑगस्टच्या काही शनिवारी सकाळी सातपासून पार्क अॅव्हेन्यू गाड्यांना बंद असतो. ब्रुकलिन ब्रिजकडून सेंट्रल पार्कपर्यंत आणि त्याच्याही पुढे लोक चालतात, धावतात, सायकली चालवतात. २००८ पासून सुरू आहे, आता शहराच्या इतर विभागांमध्येही (बरोंमध्येही) होतं. ग्रँड सेंट्रलच्या आसपास सुरुवात करा, तिथे लिफ्ट आहे. रस्त्याच्या मधोमध चालायला द्या त्यांना.

उकाड्याचं: नोटिफाय एनवायसी अॅप घ्या, उष्णतेचा आणि वादळाचा इशारा त्यावर येतो. उष्णतेचा इशारा असेल तर सरळ रद्द करा, फुकट कार्यक्रमाचं पैशाचं नुकसान नाही. ३११ ला (शहराच्या मदतक्रमांकाला) फोन केला की जवळचं कूलिंग सेंटर, म्हणजे उकाड्यात बसायची थंड जागा, कळतं, पुष्कळदा ते सार्वजनिक ग्रंथालयच असतं. दुपार तिथे काढा, संध्याकाळी वारा सुटला तर गॅन्ट्रीला जा. विजा कडाडायला लागल्या तर कार्यक्रम थांबतोच, तेव्हा झाडाखाली थांबू नका, थेट स्टेशन गाठा.