चर्चा : सोयऱ्यांच्या दारात स्वतःचा बिछाना घेऊन जावे का?

वाघूरकाठ (धागाकर्ता)

मार्गशीर्षात आम्ही पतिपत्नी आणि माझे 78 वर्षांचे वडील, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, असे तिघे गाडीला कॅम्पर ट्रेलर जोडून 19 दिवसांचा प्रवास करून आलो. जळगावहून भुसावळ, सावदा, रावेर. तेथून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाने यावल, चोपडा, शिरपूर, शहादा. मग नंदुरबार, नवापूर आणि सुरत. परतताना कोंडाईबारी घाट चढून साक्री, धुळे, चाळीसगाव आणि पारोळा. एकूण 11 घरे झाली, त्यांपैकी सात नातेवाइकांची आणि चार मित्रांची.

हा खटाटोप आप्पांसाठी केला. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि त्यांना उकिडवे बसता येत नाही. शहादा तालुक्यात माझी मोठी आत्या राहते, परंतु तिच्याकडे कमोड नसल्यामुळे गेल्या सहा वर्षांत आप्पा तिच्या घरी एकदाही मुक्कामाला राहू शकले नव्हते. लग्नाकार्याला जायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे, एवढेच भावाबहिणीचे भेटणे उरले होते. ट्रेलरमध्ये बसका शौचकूप आहे, साठ लिटर पाण्याची टाकी आहे, दोघांचा पलंग आणि तिसऱ्यासाठी घडीची फळी आहे. या वेळी आप्पा आत्याकडे तीन रात्री राहिले. दिवसभर दोघे ओट्यावर उन्हात बसून असत आणि आत्या त्यांना हरभऱ्याचे घाटे सोलून देत असे.

दुसरे कारण हंगामाचे. या दिवसांत आपल्या खान्देशातल्या घरांची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. भाव वाढेल या आशेने ठेवलेला कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला असतो, घरची माणसेच उरलेल्या जागेत कशीबशी झोपतात, आणि त्या कापसाशेजारी झोपलेल्या पाहुण्याच्या अंगाला रात्रभर खाज सुटते. अशा घरात तीन माणसांनी जाऊन पडावे, यापेक्षा खळ्यात ट्रेलर उभा करून आपली सोय आपण पाहावी, यात मला यजमानांचा मानच दिसतो.

तरीही शिरपूरला काकूंनी ट्रेलरची पायरी उतरणाऱ्या माझ्या पत्नीला थांबवून विचारले, "आमना घरमा जागा नही शे का?" त्या रागावल्या नव्हत्या, त्यांचे डोळे भरून आले होते. तो प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढला आहे. आपण काय म्हणाल?

गिरणाकाठ

काकूंनी विचारले ते योग्यच विचारले, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण जागेचा विचार केलात, पण मुक्काम म्हणजे केवळ झोपायला जागा नव्हे.

माझे बालपण भडगावकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात गेले. उन्हाळ्यात पाहुणे आले की सगळ्यांचे अंथरूण धाब्यावर पडत असे, हिवाळ्यात मधल्या घरात ओळीने गोधड्या पसरल्या जात. दिवसा पाहुण्याशी जे बोलणे होते ते पीकपाण्याचे, भावाचे, कोणाच्या तब्येतीचे. खरे बोलणे दिवा मालवल्यावर सुरू होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला गेलेल्या भावाला तिचे सासरचे दुःख जेवणाच्या पंगतीत कधीच कळत नसे. रात्री सगळे आडवे झाल्यावर, अंधारात, चेहरा दिसत नाही अशा वेळी ती एखादे वाक्य बोलून जाई आणि भावाला उरलेले समजून जाई. माझ्या वडिलांचा आणि चुलत्यांचा बांधावरून चाललेला अकरा वर्षांचा अबोला अशाच एका रात्री, शेजारी शेजारी अंथरुणे पडल्यामुळे, मिटलेला मी पाहिला आहे. रात्री दहा वाजता आपल्या ट्रेलरचे दार आतून लावून घेणाऱ्या पाहुण्याला ही रात्र मिळत नाही, आणि ती यजमानालाही मिळत नाही.

आणखी एक. 19 दिवसांत 11 घरे म्हणजे एका घराला पुरते दोन दिवसही आले नाहीत. त्यातले तीन आत्याचे वजा केले, तर बाकीच्यांना काय उरले? सोबत चाके असली की निघण्याची घाई होते, हा त्या वाहनाचा गुण आहे.

खापर आणि परात

मी चोपडा तालुक्यातल्या एका एकत्र कुटुंबाची धाकटी सून आहे. वरच्या प्रतिसादातील रात्रीचे वर्णन वाचून मलाही माझ्या माहेरची आठवण आली. पण त्या ओळीने पसरलेल्या गोधड्या सकाळी कोणी उचलल्या, उन्हात कोणी घातल्या आणि पाहुणे गेल्यावर कोणी धुतल्या, याचा त्यात उल्लेख नाही. पहाटे पाचला उठून चुलीवर आठ माणसांच्या अंघोळीचे पाणी तापवणारी बाई धाब्यावरच्या गप्पांना जागी राहू शकत नाही. तिला त्या गप्पा दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितल्या तरच कळतात.

म्हणून तीन माणसांची अंघोळ, शौच आणि अंथरूण सोबत आणणाऱ्या पाहुण्याचे मी मनापासून स्वागत करीन. घरात एकच शौचालय आणि सकाळी त्याच्यापुढे रांग, ही स्थिती ज्यांनी भोगली आहे त्यांना यातले सुख समजावून सांगावे लागणार नाही.

परंतु धागाकर्त्यांनाही एक गोष्ट विचारायची आहे. झोपण्याची सोय तुम्ही सोबत नेलीत, जेवणाचे काय केलेत? आपल्याकडे पाहुणा दारात आला की खापरावरच्या पुरणपोळ्या होतात किंवा वरण-बट्टी, आणि मार्गशीर्षात तर भरीत ठरलेलेच. पुरण वाटायचे, कणीक तिंबायची, पोळी हातावर मोठी करून पालथ्या खापरावर टाकायची, हे दोन बायकांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि पाहुणा कोठे झोपला यावर ते अवलंबून नाही. ट्रेलरमध्ये निजायचे आणि तिन्ही त्रिकाळ घरात जेवायचे, असे झाले असेल, तर यजमानीणबाईंचा भार उतरलेला नाही. ट्रेलरमध्ये शेगडी असेलच. ती 19 दिवसांत किती वेळा पेटली?

कडब्याची गंजी

शेगडी पेटलीच असेल, तर कोठे पेटली हेही सांगावे. आपण खळ्यात ट्रेलर लावत होतात. खळ्यात कडब्याची गंजी असते, शेजारच्या खोलीत कापूस असतो, पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग असतो. अशा जागी गॅसचे सिलिंडर घेऊन येणाऱ्या पाहुण्याला मी माझ्या खळ्यात थांबू देणार नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. एक ठिणगी वर्षाचे उत्पन्न घेऊन जाते.

दुसरा प्रश्न शौचकुपाचा. त्यातली घाण कोठे ओतता? नाल्यात की बांधावर?

तिसरे म्हणजे शहादा भागात या दिवसांत रात्री ट्रेलर ओढत जाणे धोक्याचे आहे. ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे लाल दिवा तर सोडाच, चमकपट्टीही नसते. आपल्या गाडीमागे वजन असताना थांबायला लागणारे अंतर वाढते. आप्पांना घेऊन हा धोका का पत्करला?

वाघूरकाठ

एकेकाचे उत्तर देतो.

रात्री एकदाही गाडी चालवली नाही. सूर्य मावळण्याआधी मुक्कामी पोचायचे, हा नियम होता. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसले नाही, आप्पा नेहमी गाडीत पुढच्या आसनावर असत. भरलेल्या ट्रेलरचे वजन सुमारे 800 किलो आहे, गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या ओढक्षमतेच्या ते आत आहे, आणि त्यातले साधारण एक दशांश वजन गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या गोळ्यावर येईल असे सामान भरले होते. ही बाब मी अनुभवाने शिकलो. पहिल्या दिवशी सावद्याच्या नातेवाइकांनी केळ्यांचे दोन मोठे घड प्रेमाने मागच्या टोकाला ठेवले, आणि रावेरच्या रस्त्यावर वेग घेताच ट्रेलरचे शेपूट डावीउजवीकडे झुलू लागले. ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरू दिला, गाडी कडेला घेतली आणि घड ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या पुढे आणून ठेवले, तेव्हा झुलणे थांबले. मागे जड झालेला ट्रेलर असाच झुलतो. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावे लागते, ते मला शहाद्याच्या एका ट्रॅक्टरचालकाने अर्ध्या तासात शिकवले. ट्रॉली मागे घेणाऱ्या आपल्या मुलांच्या अंगात ही विद्या असते. नोंदणीविषयी कोणी विचारण्याआधी सांगतो, की खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर केंद्राच्या 2004 च्या अधिसूचनेनुसार बिगर-परिवहन वाहनांत मोडतो.

शौचकुपाची खालची पेटी निघते. ती मी दर दोन दिवसांनी, मालकाला विचारून, पक्क्या शौचालयातच रिकामी केली. तिच्यात फॉर्मॅल्डिहाइड असलेले रसायन वापरले नाही, कारण त्याने शौचटाकीतले जिवाणू मरतात आणि यजमानांची टाकी बिघडते. पेटी उचलण्याचे काम मी स्वतः केले.

गॅसचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो. दोन ठिकाणी मी खळ्यातच, कडब्यापासून वीसेक पावलांवर शेगडी पेटवली होती. ते चुकीचे होते. यापुढे खळ्यात सिलिंडर बंद राहील.

ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देणे जड जाते. शेगडी चहासाठी रोज पेटली, स्वयंपाकासाठी सगळ्या प्रवासात चार वेळा. आम्ही प्रत्येक घरी एकच वेळ जेवायचे ठरवून निघालो होतो, आणि पहिल्याच घरी तो बेत मोडला. ताट वाढून समोर ठेवल्यावर नाही म्हणता आले नाही. प्रयत्न पुरेसा केला नाही, हेही खरे.

उधना दरवाजा

मी सुरतेत राहतो. माझे गाव साक्रीजवळ आहे आणि माझ्यासारखी खान्देशातली हजारो कुटुंबे येथे लूम आणि साड्यांच्या कामावर आली आहेत. गिरणाकाठ यांनी वर्णन केलेले धाबे आमच्या वाट्याला नाही. एक खोली, तिच्यात आम्ही सहा जण. गावाकडून पाहुणा येणार म्हटले की आनंद होतो आणि त्याच क्षणी छातीत धस्स होते, कारण त्याला निजवायचे कोठे हा प्रश्न असतो. दोन वर्षांपूर्वी माझे मेहुणे आले आणि आमची अडचण ओळखून न सांगता लॉजवर उतरले. माझी आई त्या रात्री जेवली नाही. तेच मेहुणे आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्वतःचा बिछाना असलेली गाडी उभी करून राहिले असते, तर रात्री अकरापर्यंत आमच्यात बसले असते आणि सकाळचा चहा आमच्याकडे झाला असता. लॉज आणि ट्रेलर यांत मला हा फरक दिसतो.

अडचण मात्र आहे. आमच्या गल्लीत ट्रेलर वळणार नाही. धागाकर्त्यांनी सुरतेत तो कोठे लावला?

वाघूरकाठ

मित्राच्या कारखान्याच्या आवारात, त्याच्या घरापासून दीड किलोमीटरवर. सुरतेतल्या दोन रात्री ट्रेलरचा खरा उपयोग झाला नाही, हे कबूल करतो. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण त्यातला विचार पर्यटनस्थळी थांबणाऱ्यांचा आहे. सोयऱ्यांच्या गल्लीत उभे राहणाऱ्याला आपली जागा आपणच शोधावी लागते.

गिरणाकाठ

सुरतेच्या बंधूंचे लिहिणे वाचून मी थांबलो. एका खोलीच्या घराला माझा नियम लावता येणार नाही. आणि सूनबाईंनी लिहिले ते माझ्या पत्नीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की त्या मुलीचे बरोबर आहे आणि हे मी चाळीस वर्षांपूर्वी विचारायला हवे होते.

तरी माझा मूळ आक्षेप मागे घेत नाही. आप्पांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी ट्रेलर नेलात ते उत्तम केलेत आणि त्या तीन रात्रींविषयी कोणीही वावगे बोलू नये. पण आपले आणि आपल्या पत्नीचे गुडघे शाबूत आहेत. शिरपूरला काकूंच्या घरात कापूस होता का? नसेल, तर आपण दोघे घरात का निजला नाहीत? गोधडी स्वतःची न्यावी, सकाळी स्वतः घडी करून ठेवावी, पाणी स्वतः तापवावे. ताईंचा भारही त्याने हलका होईल आणि रात्रही हातची जाणार नाही.

खापर आणि परात

पाणी तापवणारा पाहुणा मी अजून पाहिलेला नाही. ज्यांच्याकडे असे घडते त्यांनी अवश्य लिहावे.

वाघूरकाठ

शिरपूरला कापूस नव्हता. माडीवरची खोली रिकामी होती आणि काकूंनी ती आम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी सारवून ठेवली होती, हे मला निघताना कळले. ट्रेलरमध्ये सगळी सोय मांडलेली होती, म्हणून आम्ही सवयीने तेथेच झोपलो. यापलीकडे कारण नव्हते.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी, खान्देशातली देवी कानबाई हिच्या रोटांच्या नैवेद्यासाठी आमची सगळी भाऊबंदकी काकूंकडेच जमणार आहे. आप्पांना न्यायचे तर ट्रेलर न्यावाच लागेल. काल काकूंना फोन केला आणि सांगितले की या वेळी आप्पा ट्रेलरमध्ये निजतील, आम्ही दोघे माडीवर तुमच्याजवळ निजू, गोधड्या आमच्या आम्ही आणू. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, की आम्ही सगळे घरात आणि आप्पा एवढे थोर, ते एकटे बाहेर कसे निजतील?

त्यांना काय सांगावे, हे मला अजून सुचलेले नाही.