लेकीचे सांगणे आणि आमचे मागणे

प्रश्न :
आमची मुलगी पाच वर्षांची आहे. आम्ही भांडुपला राहतो. घरातला देव्हारा माझ्या आईचा. मला देव आठवतो तो अडचण आली की. मुलगी मात्र रोज दिवेलागणीला गणपतीसमोर मांडी घालून बसते आणि शाळेत कोण पडले, डब्यातली भाजी कोणी टाकली, जिन्याखालच्या मांजरीला किती पिल्ले झाली, हे सगळे त्याला सांगते. गेल्या पावसाळ्यात रुळांवर पाणी साचल्यामुळे माझी लोकल शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये चार तास अडकली आणि फोनही बंद पडला. मध्यरात्रीनंतर घरी पोहोचलो तेव्हा आई आणि बायको दारात उभ्या होत्या. ही मात्र ‘मी बाप्पाला सांगितलंय’ एवढे बोलून नऊ वाजताच झोपली होती. सकाळी तिने मला पाहिले, देव्हाऱ्यापाशी गेली आणि ‘बाबा आले हं’ असे सांगून आली. त्यात आभार नव्हते, नवस फेडणे नव्हते. काळजीत असलेल्या घरच्या माणसाला कळवावे, तसे ते होते. मी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभा राहिलो तो परीक्षेसाठी, नोकरीसाठी, कर्जासाठी. नुसते काही सांगायला कधीच गेलो नाही. आता चिंता अशी की उद्या तिने सांगितलेले घडले नाही, तर काय करावे? आत्तापासूनच तिला समजावून ठेवावे का?

प्रतिसाद १ :
मी वडाळ्याला राहते, नातवंडे मोठी झाली आहेत. दामाशेटींनी लहानग्या नामदेवांना नैवेद्य घेऊन देवळात पाठवले, आणि विठ्ठल जेवत नाही म्हणून ते रडकुंडीला आले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मला त्यात नेहमी दामाशेटींचेच नवल वाटते. ते स्वतः रोज नैवेद्य दाखवत होते, पण देव जेवतो की नाही हे पाहायला थांबावे, असे त्यांना कधी वाटले नसावे. तुम्ही तिला समजावण्याची घाई करू नका. एखाद्या संध्याकाळी तिच्या शेजारी नुसते बसून पाहा.

प्रतिसाद २ :
मी बालवाडीत शिकवते. साधारण दोन ते सात या वयात मुलांना चंद्र, खेळणी, मूर्ती सगळेच सजीव वाटते, हे ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. वयाबरोबर ही समजूत आपोआप बदलत जाते, त्यामुळे ती मोडून काढण्याची गरज नाही. जपायचे ते वेगळेच आहे. ‘दूध संपवले नाहीस तर बाप्पा रागावेल’ असे घरातल्या कोणीही म्हणू नये, कारण जिच्याशी ती मोकळेपणाने बोलते, ती जागा आपणच पोलीस चौकी करून टाकतो. अशी भीती बसलेली मुले वर्गात एखादी लहानशी चूकही लपवतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

प्रतिसाद ३ :
तुम्हाला ज्याची भीती वाटते, ते आमच्याकडे घडले आहे. सासरे रुग्णालयात होते आणि माझा चार वर्षांचा मुलगा रोज देवाला ‘आजोबांना घरी पाठव’ असे सांगत असे. ते गेले. आम्ही रिवाजाप्रमाणे ‘आजोबा देवाघरी गेले’ असे म्हटले आणि तीच चूक झाली, कारण तो ते परत कधी येणार, असे विचारत राहिला. शेवटी मी त्याला स्पष्ट सांगितले की त्यांचे शरीर थकून बंद पडले, ते परत येणार नाहीत आणि हे कोणाच्या सांगण्या-न सांगण्यामुळे झालेले नाही. तो खूप रडला, पण देवावर रागावला नाही. दोन दिवसांनी त्याने आजोबांचा चष्मा डबीसकट देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि ‘त्यांना याच्याशिवाय पेपर वाचता येत नाही, देऊन टाक’ असे देवाला सांगितले. माझे यजमान वडिलांच्या अंत्यसंस्काराच्या वेळीही कोरडे राहिले होते. त्या दिवशी ते देव्हाऱ्यासमोर बसून मोठ्याने रडले, आणि मुलगा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. ती डबी अजून तिथेच आहे. पूजा करताना ती उचलून पुसायची आणि परत ठेवायची, हे काम आता यजमानच करतात.