शब्दचर्चा : ‘नावावरची ठेव’ की ‘नावापुरती ठेव’?

प्रश्न :
जपानमधल्या वारसा करावर मराठीत टिपण लिहितोय. त्यात ‘मेइगी योकिन’ हा शब्द पदोपदी येतो. मेइगी म्हणजे कागदावर लागलेलं नाव, योकिन म्हणजे बँकेतली ठेव. बापाने मुलीचं खातं काढलं, वर्षानुवर्षं पैसे भरले, पण पासबुक आणि हान्को, म्हणजे सहीऐवजी चालणारा शिक्का, स्वतःच्याच कपाटात ठेवला. मुलीला पत्ता नाही. बाप गेल्यावर कर खातं म्हणतं, ठेव बापाचीच, इस्टेटीत धरा. ‘बेनामी ठेव’ म्हणावं का?

प्रतिसाद :
बेनामी नको हो! तो शब्द आला की काळा पैसा आणि ड्रायव्हरच्या नावावरची जमीन आठवते. इथे पैसा पांढरास्वच्छ आहे. शिवाय ज्ञात उत्पन्नातून अपत्याच्या नावे घेतलेली मालमत्ता आपला बेनामी कायदाही बेनामी धरत नाही. साधं ‘मुलांच्या नावावरची ठेव’ म्हणा.

प्रतिसाद :
‘नावावर’ने घोळ होईल. ‘घर सुनेच्या नावावर केलं’ म्हणजे देऊन टाकलं, असंच आपण समजतो. इथे वाद नेमका तोच आहे. ‘मुलीच्या नावे’ त्यातल्या त्यात बरं, फक्त जमाखर्च लिहिणाऱ्याला ‘नावे’ दिसलं की समोर ‘जमा’ शोधावंसं वाटतं. ‘नामधारी ठेव’ही जमत नाही, नामधारी असतो तो खातेदार. माझं मत ‘नावापुरती ठेव’ला.

प्रश्नकर्ता :
‘नावापुरती’ आवडला. तिथे एका व्यक्तीला वर्षात मिळालेली ११ लाख येनपर्यंतची बक्षिसी करमुक्त असते, म्हणून लोक दरवर्षी थोडेथोडे सरकवतात. पण त्यांच्या नागरी संहितेच्या ५४९व्या कलमात बक्षिसी हा करार आहे. एकाने ‘देतो’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘घेतो’. तान्ह्या बाळाच्या वतीने आईबाप ‘घेतो’ म्हणू शकतात. पोरगी तिशीची झाली तरी तिला खातं ठाऊक नसेल, तर घेतलं कोणी? मग ती रक्कम वारसा कराच्या हिशेबात येते. ३ कोटी येन, अधिक दर वारसामागे ६० लाख, एवढी मूळ सूट. त्यावर इस्टेट गेली की दहा महिन्यांत विवरणपत्र.

प्रतिसाद :
सातबाऱ्यावरचा ‘अ.पा.क.’ यात आणू नका, कोणीतरी सुचवेलच. अज्ञान पालनकर्ता म्हणजे मालक पोर आणि सांभाळणारा मोठा. पोर सज्ञान झालं की अर्ज देऊन तो शेरा काढायचा. मेइगी योकिनमध्ये बरोब्बर उलटं, नाव पोराचं आणि मालक मोठा. आपल्याकडे अज्ञान मुलाच्या ठेवीवरचं व्याज आईबापांपैकी जास्त कमावणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात, पण तो प्राप्तिकर झाला. वारसा कर आपल्याकडे नाहीच. १९५३ची इस्टेट ड्यूटी १९८५ साली गेली, त्यामुळे या व्यवहारातले शब्द मराठीत रुळलेच नाहीत.

प्रतिसाद :
आणि नव्या वर्षाला आजी-मामा पाकिटातून देतात तो ओतोशीदामा? तोही नावापुरताच?

प्रश्नकर्ता :
नाही, तो पोरीचाच. मात्र बापाने तो त्याच खात्यात टाकला असेल, तर आजीचे किती आणि बापाचे किती हे वारसांनाच दाखवावं लागेल. तिथे मी ‘मुलीच्या मालकीची रक्कम’ असंच लिहितो.