जास्वंदीचं पाणी हिरवं व्हायलंय, परवा प्रदर्शन आहे! मदत हवी

जालना_पालक: पोरीच्या शाळेसाठी जास्वंदीचा दर्शक (आम्ल की आम्लारी ते रंगाने दाखवणारं पाणी) करायलोय. लाल पाकळ्या उकळल्या की पाणी हिरवट-निळं होतंय. लिंबू टाकलं तरी गुलाबी येईना, सोडा टाकला तर फरकच नाही. लवकर सांगा.

काचनळी: पाणी कुठलं? भांडं कशाचं? लिंबू किती?

जालना_पालक: पाणी घरचंच. लिंबू दोन थेंब. भांडं जर्मनचं.

काचनळी: घरचं म्हणजे बोअरचं का?

जालना_पालक: हो, बोअरचंच.

हळदवाला_परभणी: जास्वंद सोडा. हळद स्पिरिटमध्ये कालवा, गाळणकागद बुडवून वाळवा. काम झालं.

काचनळी: हळद फक्त आम्लारी (सोडा, चुना असलं) दाखवते. लिंबू आणि साधं पाणी दोन्हीत पिवळीच राहते. आम्ल कशाने दाखवणार?

हळदवाला_परभणी: आधी चुन्याच्या निवळीने कागद लाल करा, मग लिंबू टाका. परत पिवळा होतो. दिसलं की आम्ल! खायच्या सोड्याने मात्र रंग फिका येतो; धुण्याचा सोडा घ्या.

काळी_माती: व्हिनेगर शेतातल्या मातीवर टाकून बघा. फसफसली तर चुनखडी आहे.

काचनळी: माती कुणी विचारली नाही. जालनाभाऊ, तुमच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) आहे. उकळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी आणखी आम्लारीधर्मी होतं, म्हणून अर्क आधीच हिरवा. त्यात सोड्याने काय बदलणार? दोन थेंब लिंबू तर बायकार्बोनेटच खाऊन टाकतं. शिवाय जर्मनच्या भांड्यातल्या ॲल्युमिनियममुळेही रंग निळसर होतो.

बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा. बाटलीवरचं नाव वाचून घ्या, तिथेच ॲसिडही मिळतं. स्टीलच्या भांड्यात अर्धा कप पाणी गरम करा, गॅस बंद करून 5-6 फुलांच्या पाकळ्या टाका, 10 मिनिटं झाकून गाळा. उकळायचं नाही, रंग मरतो. मग तीन काचेच्या ग्लासांत थोडा थोडा घाला: एकात चमचाभर लिंबूरस, एकात धुण्याच्या सोड्याचं पाणी, एक तसाच. गुलाबी, हिरवा आणि मूळ रंग शेजारी दिसले पाहिजेत.

हळदवाला_परभणी: अर्क त्याच दिवशी सकाळी काढा, शिळा झाला की रंग उतरतो. चुन्याची निवळी पोरीच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि संडासाचं ॲसिड अजिबात नको.

जालना_पालक: धुण्याचा सोडा किराणात मिळेना. खायचाच आहे.

काचनळी: दोन चमचे कोरड्या स्टीलच्या कढईत मंद आचेवर 20 मिनिटं हलवत तापवा. धुण्याचा सोडाच तयार होतो. थंड झाल्यावरच पाण्यात घाला.