नागपुरात गच्चीखालच्या खोलीसाठी एसी किती टनांचा घ्यावा?

गच्चीखालचा

नमस्कार. आम्ही नागपुरात चार मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. झोपण्याची खोली १२ बाय १३ फुटांची आणि १० फूट उंच आहे, तिच्या पश्चिमेच्या भिंतीत ४ बाय ४ फुटांची काचेची खिडकी आहे आणि छतावर थेट गच्ची आहे. आजवर कूलरवर निभावले, परंतु आई आता ७८ वर्षांची झाली आहे आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की रात्री अकरा वाजतासुद्धा पंख्याचा वारा गरमच लागतो. एका दुकानदाराने केवळ क्षेत्रफळ विचारून दीड टन सांगितला. दुसऱ्याने 'वरचा मजला' एवढे ऐकताच दोन टनांचा आग्रह धरला. आमच्या बरोबर खालच्या घरात मात्र तेवढ्याच खोलीत एक टनाचा एसी उत्तम काम करतो. तिघांच्या वापरासाठी नेमका कोणता घ्यावा आणि तो कशाच्या आधारे ठरवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_तंत्रज्ञ

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या खालच्या शेजाऱ्यांनीच अर्धे दिलेले आहे. क्षेत्रफळ तेच असूनही गरज वेगळी आहे, कारण एसीला फरशीचे चौरस फूट नव्हे, तर खोलीत शिरणारी उष्णता बाहेर काढायची असते. टन हे यंत्राच्या वजनाचे माप नाही. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेगाने बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. वॉटमध्ये सांगायचे तर सुमारे ३,५००. त्यामुळे हिशेब वॉटमध्येच करावा.

आपल्या खोलीचा ढोबळ हिशेब असा होतो. सर्वांत मोठा वाटा छताचा आहे. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळपासून आत उष्णता सोडू लागतो, आणि आपली खोली रात्री अकराला तापलेली असते ती त्यामुळेच. साधे, वरून काहीही संरक्षण नसलेले छत असेल तर त्यातून अंदाजे १,१०० वॉट येतील. खिडकीवर दुपारनंतरचे ऊन थेट पडत असेल तर ६०० वॉट, पश्चिमेच्या भिंतीतून ३५०, उरलेल्या भिंतींतून २५०, तीन माणसांच्या शरीराची मिळून ३०० (स्वस्थ बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॉट उष्णता सोडतो), दाराच्या फटींतून शिरणाऱ्या हवेची २५० आणि दिवा व टीव्ही मिळून १५०. एकूण ३,००० वॉट. यांतून छत वजा केले की १,९०० उरतात, आणि म्हणूनच खालच्या घरी एक टन पुरतो.

आता कोणी म्हणेल की ३,००० साठी ३,५०० वॉटचा एक टन आपल्यालाही पुरेल. अडचण अशी की यंत्राची ही क्षमता बाहेर ३५ अंश तापमान असताना मोजलेली असते. बाहेरची हवा ४५ अंशांवर गेली की बाहेरच्या युनिटला उष्णता टाकणे जड जाते आणि दहा ते पंधरा टक्के क्षमता सहज घटते, म्हणजे नेमक्या गरजेच्या दिवशी एक टनाचे यंत्र काठावर येऊन थांबते. दोन टनांची मात्र काहीच गरज नाही; ते आपल्या गरजेच्या दुपटीहून अधिक होते.

कोकणकिनारा

दोन टनांविषयी अनुभवाने सांगतो, कारण ही चूक मी रत्नागिरीत स्वतः केलेली आहे. ११० चौरस फुटांच्या खोलीत 'मोठा असलेला बरा' या समजुतीने साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरचा दोन टनांचा एसी बसवला. खोली काही मिनिटांतच गार व्हायची, कॉम्प्रेसर बंद पडायचा, आणि हवेतला ओलावा मात्र तसाच राहायचा, कारण पाणी निथळण्यासाठी आतली गार जाळी पुरेसा वेळ सलग गार राहावी लागते. गारठा आणि दमटपणा एकाच वेळी सोसत आम्ही तीन पावसाळे काढले. गाद्यांना येणारा कुबट वास निराळाच. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ओलाव्याचा हा त्रास आमच्याइतका होणार नाही, परंतु कॉम्प्रेसर सतत चालू-बंद होण्याने यंत्राची झीज तिथेही होईलच.

गच्चीखालचा

दोघांचेही आभार. गच्ची सोसायटीची आहे, परंतु आमच्या खोलीपुरता चुना मारण्यास अध्यक्षांची हरकत नाही. तसे केले तर एक टनाने भागेल का? आणि कूलर घरात आहेच, तर दुपारी दोन्ही एकत्र चालवल्यास एसीवरचा भार हलका होईल का?

निवृत्त_तंत्रज्ञ

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: एकत्र मुळीच चालवू नयेत. कूलर हवेत पाण्याची वाफ मिसळतो आणि एसीला तीच वाफ पुन्हा निथळून काढावी लागते. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते, तर एसीला बंद.

चुना अवश्य मारावा. पांढऱ्या थरावरून बरेचसे ऊन परतते आणि छताचा वाटा जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो. खिडकीला पडदा लावायचा असेल तर तो बाहेरून असावा, कारण आतला पडदा तापतो तो खोलीतच तापतो. आपल्याकडची वाळ्याची ताटी कोरडी ठेवून बाहेर बांधली तरी काम होते. या दोन्ही गोष्टी केल्यास गरज २,१०० वॉटच्या आसपास येईल आणि एक टन पुरेल. तथापि चुना पावसात धुऊन जातो आणि दरवर्षी मार्चमध्ये तो पुन्हा मारला जाईलच, याची खात्री अध्यक्ष बदलल्यावर कोण देणार? घरात ७८ वर्षांची आई असताना मी त्या भरवशावर राहणार नाही. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घ्यावा. उष्णता कमी असेल तेव्हा त्याचा कॉम्प्रेसर गती कमी करून सलग चालत राहतो, त्यामुळे कोकणकिनारा यांनी सांगितलेला त्रास सहसा होत नाही.

दुकानात 'दीड टन' या शब्दांवर थांबू नका. स्टार लेबलवर क्षमता वॉटमध्ये छापलेली असते आणि दीड टनाच्या दोन यंत्रांमध्ये ती सारखी असेलच असे नाही. आपल्यासाठी ती ५,००० च्या जवळपास असलेली बरी. त्याच लेबलवरचा वार्षिक वीजवापर १,६०० तासांचा असतो. तुम्ही रोज दहा तास चार महिने चालवणार असाल तर तुमचे तास १,२०० भरतील, बिलाचा अंदाज त्या प्रमाणात करा.

बाहेरचे युनिट कुठे बसवणार आहात, ते मात्र आपण लिहिलेले नाही. पश्चिमेच्या बंदिस्त गॅलरीत ते ठेवले तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढेल आणि वरचा सगळा हिशेब कोलमडेल.

गच्चीखालचा

फिटर नेमकी तीच जागा सुचवून गेला होता. उत्तरेच्या भिंतीवर लोखंडी स्टँड लावता येईल. तांब्याची नळी पाच-सहा फूट वाढेल, तेवढा खर्च करतो.